मोठ्या क्लबाचा दुसरा संघ

पत्र

आम्ही मूळचे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. गेली सोळा वर्षे न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा १२ वर्षांचा आहे, जन्म नोव्हेंबर २०१३ चा. चार वर्षांपासून तो गावच्या ट्रॅव्हल टीममध्ये (इतर गावांशी सामने खेळणाऱ्या संघात) फुटबॉल खेळतो. अंगापिंडाने लहान आहे, पण चेंडूवर ताबा चांगला आहे असे सगळेच म्हणतात. नुकतीच एका मोठ्या क्लबाची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, दिली आणि त्यांनी दुसऱ्या संघात जागा देऊ केली. फी वर्षाला ३,४०० डॉलर. किट, स्पर्धा, हॉटेल, गाडीचा खर्च वेगळा. उत्तर ४८ तासांत हवे होते, मी आठवड्याची मुदत मागून घेतली आहे. सौ. म्हणते, हा पैसा कॉलेजसाठी ठेवू. मला वाटते, आत्ता मागे राहिलो तर पुढे शिष्यवृत्ती, युरोप, सगळ्याच वाटा बंद होतील. आम्ही पेठेत एक पैसाही न भरता खेळलो आणि इथे खेळालाही हप्ते! हल्ली सरावानंतर त्याची टाच दुखते. सामन्याच्या वेळी मी बाहेरून ओरडतो हे खरे, पण मराठीतून ओरडतो, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. धाकटी ८ वर्षांची आहे, तीही खेळायचे म्हणते, पण तिचे पुढे बघू. आणि कोल्हापूरहून आबा दर रविवारी फोनवर विचारतात, नातू भारताकडून कधी खेळणार? काय करावे?

एक वडील, एडिसन

उत्तर

नमस्कार.

तुमची मुदत संपण्याआधी ‘तूर्त नाही म्हणा’ एवढे मी ईमेलने कळवले होते. त्यामागचा विचार इथे सविस्तर लिहितो, कारण मे महिन्यात ट्रायआउट झाल्या की याच मजकुराची पत्रे दरवर्षी येतात आणि त्यांतले गाव व डॉलरचा आकडा एवढेच काय ते बदलते.

तुमच्या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द तुम्ही ओझरता लिहून पुढे गेला आहात. तो शब्द म्हणजे ‘दुसऱ्या’. ज्या राष्ट्रीय लीगमुळे त्या क्लबाचे नाव झाले आहे, त्या लीगमध्ये त्यांचा पहिला संघ खेळतो. दुसरा संघ तेच चिन्ह छातीवर लावतो, जवळजवळ तीच फी भरतो, पण खेळतो प्रादेशिक लीगमध्ये, आणि तिथला दर्जा तुमच्या गावच्या संघापेक्षा फार वरचा असेलच अशी खात्री नसते. मोठ्या क्लबांचा जमाखर्च बहुधा असा असतो की पहिल्या संघाचा प्रवास, नावाजलेल्या प्रशिक्षकाचे मानधन आणि एखाद्या गुणी मुलाला दिलेली फीमाफी यांचा बराचसा भार दुसऱ्या-तिसऱ्या संघांच्या पालकांच्या चेकवर असतो. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. मात्र या व्यवहारात आपण गिऱ्हाईक आहोत, हे ओळखून बोलणी करावीत. ४८ तासांची मुदत दुकानदाराच्या सोयीची असते. बारा वर्षांच्या मुलाच्या खेळात ४८ तासांत काही बिघडत नाही.

माझ्या थोरल्याच्या वेळी मी नेमके हेच केले होते. असाच एक क्लब, असाच दुसरा संघ. शनिवारी पहाटे पाचला उठून डेलावेअर गाठायचे आणि दोन सामन्यांत मिळून वीसेक मिनिटे खेळून अंधार पडल्यावर परत यायचे, असे दोन हंगाम चालले. पंधराव्या वर्षी त्याने बूट गॅरेजमध्ये ठेवले ते पुन्हा काढले नाहीत. त्या क्लबाने मला फसवले नव्हते; मुलाला किती मिनिटे खेळवणार, हा प्रश्न मीच कधी विचारला नव्हता.

पेठेत तुम्ही फुकट खेळलात, कारण तालमीचा खर्च पेठ उचलत होती. वर्गणी, देणगीदार, मंडळाची पुण्याई, काही ना काही करून संघ उभा राहत होता आणि खेळाडू पेठेचा असल्यामुळे त्याच्याकडे पैसे मागण्याचा प्रश्न नव्हता. युरोपात हा खर्च व्यावसायिक क्लब उचलतो, कारण अनेक मुलांमागे एखादा मोठा खेळाडू निघाला तर त्याच्या विक्रीतून सगळा खर्च भरून येतो. लहान क्लबांनाही त्यातले काही मिळावे म्हणून फिफाचा नियम आहे: खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला की हस्तांतराच्या रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ या वयात ज्यांनी घडवले त्या क्लबांमध्ये वाटायचे. अमेरिकेत हा नियम वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. इथल्या फुटबॉल महासंघाने कायदेशीर अडचणींचे कारण दिले आणि व्यावसायिक लीगने, म्हणजे एमएलएसने, आपल्या ॲकॅडमींसाठी हा हक्क मागायचे ठरवले ते थेट २०१९ मध्ये. तेव्हा गावोगावचे क्लब जगणार कशावर? पालकांवर. एकदा पालकांच्या पैशावर जगायचे ठरले की क्लबाचे लक्ष पालकांना जे दिसते त्याकडे जाते: चषक, क्रमांक, चकचकीत जाकीट, विमानाने जायची स्पर्धा. मुलाचा डावा पाय सुधारला का, हे साइडलाइनवरून चटकन दिसत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईकही कमी.

१० ऑक्टोबर २०१७ रोजी त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून २-१ ने हरून अमेरिकेचा पुरुष संघ २०१८ च्या विश्वचषकाला मुकला, तेव्हा या फीपद्धतीवर देशभर बोलले गेले. त्याआधी २००७ मध्ये महासंघाने स्वतःची डेव्हलपमेंट ॲकॅडमी लीग काढली होती. ती २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या काळात बंद झाली आणि मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट, मुलींसाठी गर्ल्स ॲकॅडमी अशा नव्या लीगा उभ्या राहिल्या. ईसीएनएल ही लीग तर मुलींसाठी २००९ पासून होतीच, पुढे तिच्यात मुलेही आली. ही आद्याक्षरे पाठ करण्यात तुमचा फार वेळ जाऊ नये. लीगचे नाव संघाला असते आणि मुलगा शिकतो तो आठवड्यातून तीन संध्याकाळी समोर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाकडून.

एक फरक मात्र नीट समजून घ्यावा. एमएलएस क्लबांच्या स्वतःच्या ॲकॅडमीत सहसा फी नसते. तिथे क्लब स्वतः मुलगा शोधत येतो. मध्यंतरी राष्ट्रीय संघाचा कर्णधार असलेला टायलर ॲडम्स न्यूयॉर्क रेड बुल्सच्या अशाच ॲकॅडमीतून वर आला. व्यावसायिक क्लबाचे नाव लावून चालणारे सशुल्क वर्ग आणि शिबिरे ही निराळी गोष्ट आहे, आणि ‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे’ असे पत्र तिथूनही येते. पत्राबरोबर फीचा तक्ता आला की ती निवड किती मनावर घ्यायची ते ठरवता येते.

आता जन्मतारखेबद्दल, कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत खरी मेख तिथे आहे. महासंघाने २०१५ मध्ये जाहीर केले आणि २०१७ पर्यंत सगळीकडे लागू झाले की वयोगट १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे धरायचे. त्यामुळे खेळू लागल्यापासून तुमचा नोव्हेंबरचा मुलगा जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलांशी टक्कर देत आला आहे. दहा महिन्यांचा फरक तिशीत दिसत नाही. आठव्या-दहाव्या वर्षी तो चार बोटांच्या उंचीत, धावण्याच्या वेगात आणि प्रशिक्षकाच्या नजरेत भरतो. त्यातून मोठ्या दिसणाऱ्या मुलाला चांगल्या संघात जागा मिळते, चांगल्या संघात जास्त सराव मिळतो, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच पुढे गेलेला असतो. डिसेंबरचे मूल दरम्यान बास्केटबॉलकडे किंवा गणिताच्या क्लासकडे वळते. याला कोणी अन्याय म्हणत नाही, कारण तो कोणी ठरवून केलेला नसतो.

२०२६-२७ च्या हंगामापासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या मोठ्या संघटना १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा वयोगट धरणार आहेत. म्हणजे तुमचा मुलगा आता ऑगस्ट २०१३ ते जुलै २०१४ या गटात येतो. गेले वर्षभर तो तेरा वर्षांखालील गटात सगळ्यांत लहानांपैकी होता. येते वर्ष तो त्याच तेरा वर्षांखालील गटात खेळेल आणि मोठ्यांपैकी असेल. शिवाय त्याच्या शाळेतल्या वर्गातली बरीच मुले २०१४ च्या जन्माची असणार. आजवर ती वेगळ्या संघात होती, आता बरोबर येतील. एमएलएस नेक्स्टच्या वरच्या विभागाने मात्र जुनेच जानेवारी-डिसेंबर ठेवले आहे. म्हणून त्या क्लबाला पहिला प्रश्न हा विचारा की ट्रायआउट कोणत्या वयोगटाची होती आणि मुलाला येत्या वर्षी कोणाबरोबर खेळवणार. तुम्हाला हे त्यांनी आपणहून सांगितलेले दिसत नाही.

याच कारणासाठी माझे मत आहे की हे एक वर्ष त्याने गावच्याच संघात काढावे. प्रथमच तो अंगाने बरोबरीच्या मुलांत असेल, संघ त्याच्यावर थोडा विसंबून राहील, चेंडू मागायचा आणि घेतलेला सांभाळायचा याची सवय होईल. लहान अंगाच्या मुलाने चार वर्षे मोठ्यांत राहून जे कमावलेले असते, म्हणजे चेंडू येण्याआधी मान वळवून बघणे, पहिल्याच स्पर्शात अंगावरच्या खेळाडूपासून चेंडू दूर नेणे, ते आता दिसू लागते. उलट धोकाही आहे: आता तो इतरांपेक्षा उंच झाला आणि नुसते पुढे ढकलून पळून गोल करू लागला, तर तुम्हीच म्हणाल की पाहा, किती सुधारला! तसे झाले तर त्याला मधल्या फळीत खेळवायला सांगा, जिथे पळायला मोकळी जागा मिळत नाही.

गावच्या संघात ठेवा म्हणताना मी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे तिथला सराव बरा आहे. हे तुम्ही स्वतः पाहून ठरवायचे. मागच्या शरद ऋतूत एका मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा राहून मी घड्याळ लावले होते. चौदा मुले, शंकूंची एक ओळ, एक गोल, एक प्रशिक्षक आणि त्याचा ब्रिटिश उच्चार, ज्याचे इथे अजूनही वेगळे पैसे मिळतात. मुलाने चेंडू घेऊन शंकूंमधून वळणे घेत जायचे, प्रशिक्षकाला पास द्यायचा, परत आलेला चेंडू गोलात मारायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. मी निळ्या मोज्यांचा एक मुलगा निवडला. वीस मिनिटांत त्याची पाळी सात वेळा आली, दर पाळी दहा-बारा सेकंदांची. म्हणजे वीस मिनिटांत तो जेमतेम दीड मिनिट खेळला आणि उरलेला वेळ त्याने गवत उपटले, पुढच्याच्या पाठीवर टिचक्या मारल्या आणि मोजा खाली-वर केला. त्या क्लबाची फी चार आकडी होती. पलीकडच्या मैदानावर गावच्या संघाची एक आई, जिने मला वाटते नुकताच महासंघाचा प्राथमिक अभ्यासक्रम केला होता, चार विरुद्ध चारचे दोन सामने लावून मधून फिरत होती. पंधरा मिनिटांनी तिने खेळ थांबवला, एकच गोष्ट दाखवली, की पास देऊन उभे राहू नका, पुढे निघा. थोडा वेळ तेवढेच करून घेतले आणि पुन्हा सामने लावले. खेळ, सराव, पुन्हा खेळ, हीच पद्धत महासंघ लहान मुलांच्या प्रशिक्षकांना शिकवतो. तिच्या मैदानावर रांग नव्हती.

तुम्हीही असे तीन सराव बघा, दोन तुमच्या संघाचे आणि एक त्या मोठ्या क्लबाच्या दुसऱ्या संघाचा. चूक झाल्यावर मूल प्रशिक्षकाकडे बघते की चेंडूमागे धावते, हे पाहा. पासला जागा नसेल तेव्हा समोरच्याला चकवून जायची मुभा आहे की ‘लांब मार’ असा पुकारा होतो, हे पाहा. प्रशिक्षकाचे लायसन कोणते, तो येत्या वर्षीही हाच संघ घेणार का, आणि गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या संघातून पहिल्यात किती मुले गेली, हे विचारायला लाजू नका. शेवटच्या प्रश्नाला नेमका आकडा मिळाला तर मला कळवा, मी मत बदलेन.

टाचेचे मात्र आजच बघा. या वयात हाड वाढत असताना टाचेच्या मागच्या वाढीच्या भागावर ताण येऊन दुखणे फार आढळते, तसेच गुडघ्याखालीही दुखते. बहुतेक वेळा हे विश्रांतीने बरे होते, पण ते डॉक्टरांनी पाहून सांगायला हवे, साइडलाइनवरच्या काकांनी नव्हे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की आठवड्यातून किमान एक दिवस आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने मुलाने आपल्या खेळापासून सुटी घ्यावी. इनडोअर हंगाम, वसंत, उन्हाळी शिबिर, शरद, असे बारा महिने एकाच खेळाचे रहाटगाडगे चालले असेल तर टाच तक्रार करणारच.

शिष्यवृत्तीबाबत सौ.चा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का आहे. हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी पाच-सहाच एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेच्या, कोणत्याही स्तरावर खेळतात. वरच्या स्तरावर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, अनेक वर्षे पुरुषांच्या अख्ख्या संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या पंचवीस-तीस मुलांत वाटल्या जात, म्हणजे वाट्याला सरासरी तिसरा हिस्सा. कॉलेजच्या खेळाडूंच्या मोबदल्याबाबत २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ही मर्यादा जाऊन संघात २८ खेळाडू अशी मर्यादा आली. पण शिष्यवृत्ती देण्याची परवानगी मिळाली म्हणून विद्यापीठाच्या तिजोरीत पैसे आले असे होत नाही. डिव्हिजन थ्रीची कॉलेजे आणि आयव्ही लीगची नामवंत विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. त्यात पुरुषांच्या संघांत परदेशांतून आलेले, वयाने दोन-तीन वर्षे मोठे खेळाडू मोठ्या संख्येने असतात. फी आणि प्रवास मिळून वर्षाला पाच-साडेपाच हजार डॉलर धरले तर सहा वर्षांत तीस हजारांच्या वर जातात. तेच ५२९ खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, टाकलेत तर ते नक्की कॉलेजलाच जातील. खेळावर पैसा घालू नये असे मी म्हणत नाही. आनंदासाठी घालावा, परताव्यासाठी घालू नये. आणि कॉलेजच्या प्रशिक्षकांना विद्यार्थ्याशी भरतीबाबत बोलायची मुभा दहावीनंतरच्या १५ जूनपासून मिळते, तेव्हा सहावीतल्या मुलाची कोणतीही गाडी सुटत नाही.

युरोपचे थोडक्यात. १८ वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर फिफाच्या नियमाने बंद आहे. अपवाद मोजके आहेत. अमेरिकेचा नामवंत खेळाडू, हर्शी, पेन्सिल्व्हेनियाचा क्रिस्टियन पुलिसिक सोळाव्या वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबाकडे जाऊ शकला, कारण आजोबांमुळे त्याच्याकडे क्रोएशियाचा पासपोर्ट होता. तुमच्या मुलाचे आजोबा शिवाजी पेठेतले आहेत. तिकडच्या ‘निवासी ॲकॅडमी’च्या जाहिराती येतात त्या बहुतेक शाळा-वसतिगृह-फुटबॉल अशा पॅकेजच्या असतात आणि त्यांची फी पाहिली की इथला क्लब स्वस्त वाटू लागतो.

आता क्लबाबाहेरचे, ज्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. तुम्ही घडलात ते प्रशिक्षकामुळे की शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत गल्लीत खेळल्यामुळे, हे तुम्हाला माहीत आहे. एडिसनमध्ये गल्ली नाही, सगळे मुलाच्या वेळापत्रकात लिहिलेले असते आणि मूल खेळायला जाते तेही गाडीत बसून. पण न्यू ब्रन्सविक तुमच्यापासून पंधरा मिनिटांवर आहे. ओहाकाहून आलेल्या मेक्सिकन कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे आणि रविवारी संध्याकाळी बागेत बाप, काका, पोरे एकत्र खेळताना दिसतात. गोलाला दोन पिशव्या, पंच नाही, आणि समोरच्याने चेंडू हिरावला तर आपण आपला परत मिळवायचा. मुलाला घेऊन जा, एक जादा चेंडू आणि पाण्याच्या बाटल्यांची पेटी न्या, आणि तुम्हीही खेळा. बाहेर उभे राहू नका. सोळा वर्षांत तुमचे पोट सुटले असेल, तरी पेठेतला पाय विसरलेला नसणार. बाकीच्या दिवशी गॅरेजची भिंत आहे: रोज पंधरा मिनिटे, डावा पाय, उजवा पाय, चेंडू परत येतो त्याला थांबवायचे नाही. हिवाळ्यात इनडोअरपेक्षा फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचे छोट्या मैदानावरचे फुटबॉल, मिळाले तर घ्या. तो जड, कमी उसळणारा चेंडू आणि अरुंद जागा लहान अंगाच्या मुलाला मानवते.

मराठीतून ओरडण्याबद्दल. त्या मैदानावर मराठी कळणारा एकच खेळाडू आहे आणि तो तुमचा मुलगा आहे. ‘अरे दे की, दे की’ आणि ‘मार, मार’ हे त्याच्या एकट्याच्या कानावर पडते. बाकीची मुले निवांत खेळतात. आणि प्रशिक्षकाला शब्द कळत नसले तरी सूर कळतो. पुढचा सामना कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी खुर्ची टाकून, तोंडात पेपरमिंट ठेवून बघा. गाडीत बसल्यावर सामन्याचा विषय त्याने काढला तर बोला, नाहीतर वडापाव कुठे खायचा ते ठरवा. भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड जवळच आहे. आणि या सगळ्या पत्रात तुमचे, सौ.चे, आबांचे मत आले, पण त्या क्लबात जावेसे त्याला वाटते का, हे कुठे आलेले नाही. एखाद्या दिवशी भिंतीवर चेंडू मारताना सहज विचारा.

धाकटीचे ‘पुढे बघू’ हे वाचून मात्र मी थांबलो. फुटबॉलमध्ये अमेरिकेने जगाला खरोखर काही शिकवले असेल तर ते मुलींच्या बाबतीत. १९७२ चा टायटल नाइन कायदा आला, शाळा-कॉलेजांना मुलींनाही खेळाची समान संधी देणे भाग पडले, आणि त्यातून चार विश्वचषक व पाच ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा संघ उभा राहिला. हेदर ओ’रायली, जिच्याकडे त्यांतली तीन सुवर्णपदके आहेत, तुमच्या शेजारच्या ईस्ट ब्रन्सविकची. त्याच संघातली कार्ली लॉइड न्यू जर्सीतल्याच डेलरनची. तिला २१ वर्षांखालील राष्ट्रीय संघातून वगळले होते, ती खेळ सोडायच्या बेतात होती, आणि २०१५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने पहिल्या सोळा मिनिटांत तीन गोल केले. तुमचाच हिशेब लावायचा तर डिव्हिजन वनमध्ये मुलांना ९.९ शिष्यवृत्त्या होत्या तेव्हा मुलींना १४ होत्या. पण तो हिशेब तिच्याही बाबतीत नको. गावच्या रेक, म्हणजे हौशी, लीगमध्ये या शरदात तिचे नाव घाला. फी फार नसते, प्रवास नसतो, आणि या वयात डोक्याने चेंडू मारायला बंदी आहे, त्यामुळे त्या काळजीतूनही सुटका. तिला भावाबरोबर भिंतीवर खेळू द्या. दोघांना मिळून एकच चेंडू द्या म्हणजे भांडतील आणि शिकतील.

क्लबाला पाठवायचा मजकूर असा ठेवा: देऊ केलेल्या जागेबद्दल आभार, या वर्षी मुलगा आहे त्याच संघात खेळेल, पुढच्या मे महिन्यात ट्रायआउटला येईल. एवढेच. दार बंद होत नाही. फी भरू शकणाऱ्या घराला कोणताही क्लब विसरत नाही.

राहिले आबा. अमेरिकेचा नागरिक असलेला मुलगा भारताकडून खेळू शकत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड त्यासाठी चालत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा त्यांची हौस कोल्हापूरच्या हद्दीत आधीच एकदा फिटलेली आहे. या डिसेंबरच्या सुटीत इनडोअरचा हंगाम सोडून मुलांना तीन आठवडे कोल्हापूरला न्या. शाहू स्टेडियमवर तेव्हा सामने सुरू झालेले असतील; आबांना सांगा, तिकिटे काढून ठेवा, दोन्ही नातवंडांची.